झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या कमी करताना: क्रम, वेग आणि नेहमी होणाऱ्या चुका

गोव्यात, फोंड्याला फार्मसीच्या काउंटरवर एक प्रकार मी सतत पाहतो. झोपेची गोळी वाईट असते असं कोणीतरी सांगतं आणि मुलगा आईची गोळी एका रात्रीत बंद करतो. दोन रात्री आई टक्क जागी. तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, छाती धडधडते, जेवण जात नाही. घरचे म्हणतात, बघा, गोळीशिवाय हिचं चालतच नाही. गोळी पुन्हा सुरू होते, कधी आधीपेक्षा जास्त पॉवरची. ती गोळी कमी होण्यासारखी होती, पण सुरुवात शेवटच्या टोकापासून झाली.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा झोल्पिडेम यांपैकी काही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने घेत असलेल्यांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. दुखण्याच्या गोळ्यांचे नियम थोडे वेगळे आहेत, ते शेवटाकडे दिले आहेत.

आधी एवढं समजून घ्या. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं. झोपेच्या आणि टेन्शनच्या या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळाली की मेंदू त्याला सरावतो आणि स्वतःचा प्रतिसाद कमी करून घेतो. मदत अचानक काढली तर शांत करणारी बाजू लंगडी पडते आणि उत्तेजना मोकाट सुटते. सांगितल्यापेक्षा एकही गोळी जास्त न घेणाऱ्या माणसालाही हे होतं, काही आठवड्यांच्या रोजच्या वापरानंतरसुद्धा. तेव्हा आईला किंवा आजोबांना व्यसनी ठरवू नका. तसं ठरवलं की स्ट्रिप उशीखाली जाते आणि रोज किती गोळ्या पोटात जातात ते कोणालाच कळत नाही.

सावधान: या लोकांनी घरच्या घरी कपात सुरू करू नये. कधीही फिट आलेली असेल, रोज दारू घेत असतील, गरोदरपण असेल, डोस मोठा असेल किंवा आधी गोळी बंद केल्यावर भ्रम झाला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. काहींना दाखल करून कमी करावी लागते. आणि क्लोनाझेपाम जर फिटसाठीच दिली असेल, तर ती या लेखात मोजूच नका. तिचा निर्णय फक्त ती देणाऱ्या डॉक्टरांचा.

## १. घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा

डबे, पर्स, देवघरातला कप्पा, फ्रिजवरची टोपली, सगळं रिकामं करा. प्रत्येक स्ट्रिपवर ठळक छापलेलं कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि त्याखालच्या बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचा. भिंग लागलं तर घ्या.

हे एवढ्यासाठी, की आपल्याकडे जोडगोळ्या फार, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं. टेन्शनसाठी एसिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉलबरोबर अल्प्राझोलम. पोटात मुरडा येतो, गॅस होतो म्हणून क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड. शेवटची जोडी सर्वांत जास्त फसवते. वर्षानुवर्षं ती घेणारी आजी मला ठामपणे सांगते, "ही माझी पोटाची गोळी रे बाबा, झोपेची न्हय." आणि रात्रीची झोपेची गोळी वेगळी असतेच. म्हणजे एकाच जातीची दोन औषधं दोन नावांनी पोटात जातात. कधी ती दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असतात आणि दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी ठाऊक नसते.

जोडगोळी कमी करताना आणखी एक अडचण येते. ती बंद केली की दोन्ही औषधं एकदम बंद होतात. प्रोप्रानोलॉल अचानक थांबवलं तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतो. एसिटालोप्राम अचानक थांबवलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते. म्हणून कपातीआधी डॉक्टरांकडून जोडगोळी सुटी करून घ्यावी लागते: दोन औषधं, दोन स्ट्रिप. मग एक तशीच ठेवून दुसरी कमी करता येते.

तपासा: कागदावर प्रत्येक औषधाचं नाव, पॉवर, दिवसातून किती वेळा आणि कोणी दिलं, हे लिहून झालं का? "कधी कधी घेते" असं उत्तर आलं तर मागच्या आठवड्यात किती संपल्या ते मोजा.

## २. एक डॉक्टर, एक फार्मसी

कपात चालू असेपर्यंत या गोळ्या एकाच डॉक्टरांनी लिहाव्यात. फॅमिली डॉक्टर चालतील, मानसोपचारतज्ज्ञ चालतील, पण एकच. ओळखीचे डॉक्टर नसतील तर बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. गावातून तिथवर जाणं जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. कुठे दाखवायचं, काय विचारायचं, हे तिथे बोलता येतं.

डॉक्टरांची बाजूही ऐकून घ्या, कारण ती आमच्या काउंटरवर येते. ओपीडीत बाहेर रांग असते. समोरचा पेशंट म्हणतो, गोळ्या संपल्या, तेवढ्याच लिहून द्या. डॉक्टरांनी कमी करण्याचा विषय काढला की काहींना ते आपल्यावर संशय घेतात असं वाटतं, काही रागावतात, काही सरळ डॉक्टर बदलतात. शिवाय गोळी अनेकदा दुसऱ्याच कोणी सुरू केलेली असते, ऑपरेशननंतर किंवा घरात मृत्यू झाला तेव्हा चार दिवसांसाठी. ती हात लावून बिघडवण्यापेक्षा चालू ठेवणं सोपं पडतं. म्हणून विषय तुम्ही काढा, आणि तेवढ्यासाठीच वेगळी वेळ घ्या. असं बोला: "डॉक्टर, ही गोळी मी इतकी वर्षं घेते. मला ती हळूहळू कमी करायची आहे. घाई नाही. ही माझी यादी." पहिल्या पायरीतला कागद पुढे ठेवा. या तीन-चार वाक्यांनी भेटीचा नूर बदलतो. आता गोळी मागायला आलेला पेशंट समोर नसतो, कमी करायला आलेला असतो.

चिठ्ठीबद्दल थोडं. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे वेगळी नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. मार्च २०१४ पासून ती देताना आम्हाला डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. पुन्हा द्यावी असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. मोबाइलमधला स्ट्रिपचा फोटो ही चिठ्ठी नाही. लॅमिनेट केलेला जुना कागदही नाही. कपातीसाठी डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घ्या: लागतील त्या दोन्ही पॉवरच्या गोळ्या एकाच चिठ्ठीवर, आणि किती वेळा द्यायच्या तो आकडा.

तपासा: गोळ्या संपण्याची तारीख चतुर्थीच्या दिवसांत किंवा लांब सुटीत येते का? आठवडाभर आधी आणून ठेवा. कपात चालू असताना दोन रात्री गोळीच न मिळणं म्हणजे अचानक बंद करण्यासारखंच.

## ३. दोन आठवडे काहीही न बदलता फक्त लिहा

ही पायरी लोक हटकून गाळतात. साधी वही घ्या, रोज एक ओळ: गोळी किती वाजता, अंथरुणावर किती वाजता, किती वेळा उठलो, सकाळी किती वाजता उठलो, दिवसा झापड, चहा-दारू, तोल गेला का.

हे आत्ताच लिहिलं नाही तर पुढे प्रत्येक त्रास कपातीच्या माथी मारला जातो. आधीपासून तीन वेळा लघवीला उठणारी आजी नंतर म्हणते, गोळी कमी केल्यापासून झोप मोडते. वही असली की खरं काय ते दिसतं.

## ४. गोळीला हात लावण्याआधी झोपेची घडी बसवा

आठला जेवण, मालिका संपली की साडेआठ-नऊला अंथरूण, पहाटे तीनला जाग. मग तक्रार, की झोपच येत नाही. साडेआठ ते तीन म्हणजे साडेसहा तास झाले. सत्तरीतल्या माणसाची झोप त्यात पुरी झालेली असू शकते. इथे गोळीचा डोस बदलण्याआधी झोपायला जाण्याची वेळ बदलावी लागते.

दुसरं, दुपार. आपल्याकडे एक वाजता दुकानाचं शटर खाली येतं आणि गाव आडवा होतो. दुपारी दोन तास गाढ झोपलं की रात्रीची झोप तिथेच खर्च होते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. जमत नसेल तर खुर्चीत टेका, खाटेवर नको.

बाकीचे नियम असे. उठण्याची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. डोळे जड झाल्यावरच अंथरुणात. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, मोबाइल न घेता. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी वापरायचा उपचार म्हणून याच पद्धतीची शिफारस होते, आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तो काही भेटींत नीट शिकवतात. पहिले आठ-दहा दिवस झोप कमी झाल्यासारखी वाटते. तेवढ्यात सोडू नका.

सावधान: झोपेसाठी "थोडीशी" फेणी किंवा व्हिस्की अजिबात नको. दारू आणि या गोळ्या एकत्र श्वास मंदावतात. सर्दीची गोळी खाऊन झापड आणण्याचा उपायही वयस्कांनी करू नये. तिने लघवी अडते आणि भ्रम होतो.

## ५. पहिली कपात: वाटते त्याहून छोटी

सर्वसाधारण नियम असा: एका वेळी पाच ते दहा टक्के कपात, मग दोन ते चार आठवडे तिथेच थांबायचं. दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त कपात कधीच नाही. वेग डॉक्टर ठरवतील. जास्त वर्षं घेतलेल्यांना जास्त महिने लागतात.

कपातीसाठी महिना निवडून घ्या. घरात लग्न, ऑपरेशन, बारावीची परीक्षा किंवा नुकतं झालेलं दुःख असेल तर थांबा.

गोळी कापायला फार्मसीत मिळणारा टॅब्लेट कटर घ्या. सुरीने एक तुकडा मोठा, एक भुगा होतो. पावसाळ्यात इथल्या हवेत कापलेली गोळी ओली पडते, म्हणून आठवड्याचे तुकडे आधीच करून ठेवू नका. उरलेला अर्धा घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत, दुसऱ्या दिवशी तोच घ्या. तोंडात विरघळणारी गोळी स्ट्रिपमधून आयत्या वेळीच काढा. नावापुढे एसआर, सीआर किंवा एक्सआर असेल तर ती हळूहळू सुटणारी गोळी आहे, ती कापायची नाही.

नेहमीची चूक: एक दिवसाआड गोळी. कमी केल्यासारखं वाटतं, पण होतं भलतंच. अल्प्राझोलमचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा-बारा तासांत निम्मं होतं. एक दिवस गाळला की दुसऱ्या रात्रीपर्यंत शरीर जवळजवळ कोरडं पडतं, मग पुन्हा पूर्ण डोस. रोज थोडी कमी गोळी, ठरल्या वेळीच.

## ६. पुढे जायचं की थांबायचं

अल्प्राझोलमसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीचा त्रास एक-दोन दिवसांत दिसतो. क्लोनाझेपाम आणि डायझेपाम शरीरात रेंगाळतात, त्यांचा त्रास आठवडाभराने येऊ शकतो. इथे खूप जण फसतात. क्लोनाझेपाम कमी केली, चार दिवस काहीच झालं नाही, म्हणून उत्साहाने पुन्हा कमी केली. मग दोन्ही कपातींचा त्रास एकाच वेळी अंगावर येतो.

अपेक्षित त्रास: झोप उडणं, विचित्र स्वप्नं, चिडचिड, घाम, धडधड, आवाज आणि उजेड सहन न होणं. हे हळूहळू ओसरतं. सुसह्य असेल तर ठरलेले आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबा आणि मग पुढची पायरी. सुसह्य नसेल तर त्याच डोसवर आणखी दोन आठवडे. फारच असेल तर डॉक्टरांना विचारून एक पायरी वर. एक पायरी वर जाणं म्हणजे हरणं नाही. अगदी सुरुवातीच्या डोसवर परत जाऊ नका.

तातडी: फिट येणं, माणसं न ओळखणं, नसलेली माणसं दिसणं, थरथर आणि घामाबरोबर ताप, किंवा जीव द्यायचे विचार बोलून दाखवणं. १०८ला फोन करा किंवा थेट गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा, की अमुक गोळी इतकी वर्षं चालू होती आणि इतक्या दिवसांपूर्वी कमी केली. सोबत स्ट्रिप न्या.

रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा आणि ओली लादी पुसा. वयस्क माणूस झापडेत पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं, हा या गोळ्यांचा नेहमीचा धोका आहे. कपातीच्या दिवसांत चक्कर येत असेल तर स्कूटर बंद.

## ७. शेवटचा पाव हिस्सा: इथेच सर्वांत जास्त लोक मागे फिरतात

हिशेब नीट पाहा. कोणी रात्री अल्प्राझोलम ०.५ मिग्रॅ घेतं आहे. ०.२५ ची गोळी अर्धी केली की ०.१२५ चा तुकडा मिळतो. पहिल्यांदा तेवढा कमी केला, ०.५ वरून ०.३७५, म्हणजे पंचवीस टक्के गेले. पुढच्या वेळी तेवढाच तुकडा, ०.३७५ वरून ०.२५. यावेळी तेहतीस टक्के. मग ०.२५ वरून ०.१२५, म्हणजे निम्मी. तुकडा तोच, पण शरीराला बसणारा धक्का दर वेळी मोठा. पेशंट म्हणतात, आता एवढीशीच तर राहिली आहे, टाकून देऊ. आणि तिथेच सगळं फिसकटतं.

यावर डॉक्टर दोन-तीन उपाय करतात. काहींना हळू उतरणाऱ्या डायझेपामवर आणतात, कारण तिच्या छोट्या पॉवरच्या गोळ्या मिळतात आणि तिचं रक्तातलं प्रमाण एकदम कोसळत नाही. साधारण हिशेबाने अल्प्राझोलमची ०.५ मिग्रॅ म्हणजे डायझेपामची सुमारे १० मिग्रॅ. म्हणजे दिसायला इवलीशी असलेली ती गोळी किती जोरदार आहे ते लक्षात घ्या, आणि हा बदल स्वतः करू नका. वयस्कांत आणि यकृताच्या आजारात डायझेपाम साचते, तिथे डॉक्टर वेगळा मार्ग घेतात. दुसरा उपाय साधा आहे: तुकडा तोच, पण थांबा लांबवायचा, दोनऐवजी चार किंवा सहा आठवडे. जेवढे खाली जाल तेवढे सावकाश.

काही जण शून्यापर्यंत पोहोचत नाहीत. एक मिग्रॅवरून पाव मिग्रॅवर आलेल्या आजीचा तोल सुधारतो, सकाळची झापड उतरते. डॉक्टरांनी तिथे थांबायचं ठरवलं तर घरच्यांनी तिच्यामागे लागू नये.

## ८. ट्रामाडॉल आणि नसांच्या गोळीचे वेगळे नियम

गुडघे-कंबरेसाठी पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉलची जोडगोळी फार चालते. ती अफूच्या जातीची आहे, आणि २०१८ पासून ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. अचानक बंद केली तर नाक गळतं, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, अंग मोडून येतं. लोकांना वाटतं फ्लू झाला. ट्रामाडॉलने फिटचा धोका वाढतो, नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर तो आणखी वाढतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगा.

सावधान: डोस कमी झाल्यावर शरीराची सहनशक्तीही कमी होते. दुखणं उसळलं म्हणून जुना मोठा डोस एकदम घेतला तर श्वास मंदावू शकतो, सोबत झोपेची गोळी किंवा दारू असेल तर जिवावर बेततं. दोन्ही प्रकारच्या गोळ्या चालू असतील तर एका वेळी एकच कमी करायची. कोणती आधी, ते डॉक्टर सांगतील.

प्रेगाबालिन, म्हणजे बहुतेकांची "नसांची गोळी", हीसुद्धा एकदम थांबवायची नाही. निदान आठवडाभर, आणि जुना वापर असेल तर त्याहून बराच जास्त वेळ घेऊन उतरवायची. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोसचा हिशेबच वेगळा.

## ९. शून्यावर आल्यानंतर, आणि मध्येच दाखल व्हावं लागलं तर

कपात चालू असताना पाय मोडला, ऑपरेशन ठरलं, तर केसपेपरवर ही गोळी लिहून घ्या. साखरेची, रक्तदाबाची गोळी सगळे सांगतात, झोपेची विसरतात किंवा लाजतात. मग वॉर्डात ती मिळत नाही, दोन-तीन दिवसांनी आजोबा नळ्या उपसू लागतात, आणि भूल नीट उतरली नाही म्हणून कारण भलतीकडेच शोधलं जातं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही आधीच सांगा.

शून्यानंतर पहिले काही आठवडे झोप वरखाली होते. वही चालू ठेवा, उठण्याची वेळ सोडू नका. एखादी वाईट रात्र आली तर दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून ती भरून काढू नका. महिना उलटूनही भीती, उदासी किंवा निद्रानाश तसाच असेल, तर मूळ आजार उपचाराविना राहिलेला असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांकडे परत जा. त्यावर सवय न लावणारे उपचार आहेत.

उरलेल्या स्ट्रिप "अडीअडचणीला" म्हणून ठेवू नका, शेजारणीला झोप येत नाही म्हणून देऊही नका. गोळ्या स्ट्रिपमधून काढून वापरलेल्या ओल्या चहापत्तीत कालवा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. रिकाम्या स्ट्रिप कापून मगच फेका.